अंगावरची पट्टी

बडनेरा हे मोठे जंक्शन आहे. मुंबईकडची गाडी येथे येते. नागपूरकडची गाडी येथे येते. अमरावतीला जाणारा फाटाही येथूनच निघतो. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते, तेव्हा खडखड होते. डबे हलतात. झोपलेला माणूस जागा होतो. पण गाडी मोडत नाही. सांधा ओलांडला की ती पुन्हा सरळ धावू लागते.

बाईच्या आयुष्यातही असा एक सांधा येतो. पंचेचाळीस-पन्नाशीच्या सुमारास तिची पाळी बंद होते. तेव्हा अंगात खडखड होते. कोणाला थोडी होते, कोणाला फार होते. या खडखडीवर एक औषध आहे. ते पोटात घ्यायचे नसते. ते पट्टीसारखे अंगाला चिकटवायचे असते. विचारून वापरले तर ते सुख देते. न विचारता वापरले तर घात करू शकते. आजचा धडा त्या पट्टीचा आहे.

हा धडा बायकांचा आहे, पण पुरुषांनीही तो वाचावा. ज्या घरात बाईला रात्र रात्र झोप नाही, त्या घरात कोणालाच सुख नाही.

पौषातला घाम

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत आम्ही बायकांचा रात्रीचा वर्ग घेतो. पौषाचे दिवस होते. थंडी कडाक्याची होती. सगळ्या बायका शाली पांघरून बसल्या होत्या. एक मावशी मात्र पाटीने वारा घेत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

आम्ही विचारले, "मावशी, ताप आहे का?"

मावशी म्हणाल्या, "ताप नाही वो ताई. छातीतून एकदम वाफ निंगते. तोंड लालभडक होते. मंग घामानं सारं लुगडं ओलं होते. घडीभरानं थंडी वाजते. रातच्याले तर चार-पाच डाव उठा लागते. झोप कशी ती नाहीच."

"पाळी केव्हा बंद झाली?"

"तीन साल झाले. घरी सांगतलं तं म्हणतेत, बुढी झाली तू, आता असंच राह्यते."

आम्ही म्हणालो, "मावशी, डॉक्टरीणबाईंना दाखवा." मावशींनी मान हलवली. आम्हाला वाटले, आपले काम झाले. येथे आमचे चुकले. नुसते सांगून भागत नाही. सोबत जावे लागते.

होळी झाली. मावशी वर्गात हसतमुख दिसू लागल्या. झोप येते, वाफा थांबल्या, असे म्हणू लागल्या. आम्हालाही आनंद झाला. मग गुढीपाडव्यानंतर एके दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "ताई, मी आता पुरी बरी झाली. पाळीबी वापस आली."

हे ऐकून आम्ही दचकलो. वर्षानुवर्षे बंद असलेली पाळी परत येत नसते. असे रक्त जाणे ही धोक्याची खूण असते.

आम्ही खोदून विचारले. तेव्हा सारी हकीगत कळली. शेजारच्या वयनींनाही असाच त्रास होता. डॉक्टरांनी त्यांना अंगाला लावायची पट्टी दिली होती. त्यांना गुण आला. मावशींनी वयनींची चिठ्ठी दुकानात दाखवली आणि तीच पट्टी आणली. संक्रांतीपासून त्या ती लावत होत्या.

मावशी म्हणाल्या, "एकच दुखणं, एकच पट्टी. वयनीले चालली, मंग मले काऊन नाही चालत?"

प्रश्न बरोबर होता. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक बाईला ठाऊक असले पाहिजे.

अंगात काय होते

बाईच्या ओटीपोटात गर्भाशय असते. त्यात मूल वाढते. आपण त्याला पिशवी म्हणतो. पिशवीच्या दोन बाजूंना दोन अंडाशय असतात. पिशवी वेगळी आणि अंडाशय वेगळे. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

अंडाशयात एक रस तयार होतो. त्याचे नाव इस्ट्रोजेन. तो रक्तातून साऱ्या अंगभर फिरतो. तो हाडे बळकट ठेवतो. जननमार्गाची कातडी ओलसर ठेवतो. अंगाची ऊब सांभाळायलाही तो मदत करतो.

वय झाले की अंडाशयांचे काम संपत येते. कंदिलातले तेल संपत आले की ज्योत कधी मोठी होते, कधी लहान होते. मग ती विझते. अंडाशयांचेही तसेच आहे. पाळी कधी लवकर येते, कधी उशिरा. पुढे ती बंद होते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती कायमची गेली असे समजतात. याला पुस्तकात रजोनिवृत्ती म्हणतात. आपल्या देशात साधारण छेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी हे घडते. कोणाचे थोडे आधी, कोणाचे थोडे नंतर.

हा रोग नाही. हे पाप नाही. बाहेरची बाधाही नाही. पण इस्ट्रोजेन कमी झाले की काही बायकांना त्रास होतो. अंगातून वाफा निघतात. रात्री घाम येतो. झोप मोडते. चिडचिड होते. लघवीला जळजळ होते. नवऱ्याजवळ जाताना दुखते. सांधे दुखतात. हाडेही हळूहळू ठिसूळ होऊ लागतात.

सगळ्यांनाच औषध लागत नाही. त्रास थोडा असेल तर घरचे उपाय पुरतात. सैल, सुती कपडे घाला. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा. चहा आणि फार तिखट कमी करा. तंबाखू आणि गुडाखू सोडा. दूध, ताक, तीळ, हिरव्या भाज्या खा. रोज पायी फिरा. हाडांना याने बळ येते.

त्रास सोसवत नसेल तर मात्र सोसू नका. डॉक्टरांना दाखवा. सोसत राहण्यात पुण्य नाही.

पट्टी म्हणजे काय

पट्टी पातळ असते. ती चिकटपट्टीसारखी दिसते. तिच्यात इस्ट्रोजेन भरलेले असते. दुकानात तिला पॅच म्हणतात. ती कातडीला चिकटवली की औषध थोडे थोडे झिरपते. ते कातडीतून रक्तात जाते. अशी पट्टी अमेरिकेत १९८६ साली पहिल्यांदा विक्रीला आली.

कोणी विचारील, "गोळी आहे ना? मग पट्टी कशाला?"

गोळी पोटात जाते. तेथून ती आधी यकृतात जाते. यकृत म्हणजे लिव्हर. तेथे तिच्यामुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. पट्टीचे औषध सरळ रक्तात जाते. म्हणून नेहमीच्या मात्रेत पट्टीने हा धोका गोळीपेक्षा कमी असतो. रक्तदाब किंवा जाडेपणा असलेल्या बाईला डॉक्टर पुष्कळदा गोळीपेक्षा पट्टी बरी समजतात.

या औषधाविषयी लोकांच्या मनात भीती आहे. ती कोठून आली, तेही सांगतो. अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक बायकांवर एक मोठी पाहणी चालली होती. काही बायकांना इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीचे औषध, अशी गोळी दिली होती. २००२ साली असे दिसले की त्यांच्यात स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या आणि पक्षाघात थोडे जास्त होत आहेत. पाहणी मध्येच थांबवली. जगभर बायकांनी औषध सोडून दिले.

पुढे डॉक्टरांनी तोच हिशेब बारकाईने तपासला. पाहणीतल्या बायकांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. म्हणजे पुष्कळ जणींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झाली होती. ज्यांचे वय साठीच्या आत आहे, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नाहीत, अशा धडधाकट बायकांना त्रास असेल तर सहसा तोट्यापेक्षा फायदा जास्त होतो. आज डॉक्टर असे मानतात.

धोका मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. दोन्ही औषधे काही वर्षे घेतली तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. म्हणून हे औषध तपासून द्यायचे, लागेल तेवढेच द्यायचे आणि दरवर्षी पुन्हा तपासायचे असते.

पहिला प्रश्न : पिशवी आहे की काढली?

आता मावशींच्या प्रश्नाकडे वळू. वयनींना पट्टी चालली, मावशींना का चालली नाही?

वयनींची पिशवी ऑपरेशन करून काढलेली होती. मावशींची पिशवी जागेवर होती. फरक एवढाच. पण तो फार मोठा आहे.

पिशवीला आतून अस्तर असते. इस्ट्रोजेन मिळाले की हे अस्तर वाढते. तरुणपणी त्याला आवर घालणारा दुसरा रस अंगात असतो. त्याचे नाव प्रोजेस्टेरॉन. पिकाला पाणी घातले की तणही वाढते. निंदण केले नाही तर तण माजते. नुसते इस्ट्रोजेन मिळत राहिले तर अस्तर असेच माजते. ते जाड होते. त्यातून रक्त जाते. दुर्लक्ष केले तर त्यात पुढे कर्करोग होऊ शकतो.

म्हणून नियम असा आहे. पिशवी असेल तर पट्टीच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हवेच. ते रोज घ्यायचे की महिन्यातले काही दिवस, हे डॉक्टर ठरवतात. पिशवी काढलेली असेल तर सहसा नुसती पट्टी चालते. वयनींच्या चिठ्ठीवर दुसरे औषध नव्हते, कारण त्यांना ते लागत नव्हते. मावशींना ते लागत होते, पण चिठ्ठी त्यांची नव्हती.

मावशींना घेऊन आम्ही अमरावतीला गेलो. तेथे सरकारी जिल्हा स्त्री रुग्णालय आहे. लोक त्याला डफरीन म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी मावशींना तपासले. सोनोग्राफी केली. अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत मावशींच्या पोटात अन्न गेले नाही. निकाल आला. अस्तर जाड झाले होते. कर्करोग नव्हता. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

कागद सांभाळा, कागद वाचा

डॉक्टरीणबाईंनी वयनींनाही बोलावून घेतले. त्यांना विचारले, "पिशवी काढली तेव्हा अंडाशय काढले की ठेवले?" वयनी म्हणाल्या, "मले काय माईत? डॉक्टर म्हने पिशवी खराब हाये. काढून टाकली." त्यांचे ऑपरेशन चौतिसाव्या वर्षी झाले होते.

अशा बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची सरकारने पाहणी केली. सुमारे ८२ हजार बायकांना विचारले. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली होती. पुष्कळ जणी ऐन तरुण होत्या. उसाच्या फडात पाळीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणून लेकरे झाली की पिशवी काढून मोकळे व्हायचे, असे चालले होते. ही गोष्ट राज्यभर गाजली.

पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते, पण इस्ट्रोजेन काही वर्षे बनत राहते. दोन्ही अंडाशय काढले, तर इस्ट्रोजेन एकदम बंद होते. तिशीतली बाई एका दिवसात पन्नाशीच्या सांध्यावर येते. तिची हाडे लवकर ठिसूळ होतात. तिच्या हृदयालाही त्रास होऊ शकतो. अशा बाईला, औषध चालण्यासारखे असेल तर, डॉक्टर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन घ्यायला सांगतात. तिने "मला काय होते?" म्हणून गप्प बसू नये.

म्हणून आम्ही सांगतो, ऑपरेशनचा कागद जपून ठेवा. तो बहुधा इंग्रजीत असतो. डॉक्टरांकडून किंवा नर्सबाईंकडून तीन ओळी मराठीत लिहून घ्या :

पिशवी काढली का?
अंडाशय काढले का? एक की दोन्ही?
कशासाठी काढले?

या तीन ओळी तुम्हाला वाचता आल्या पाहिजेत. शरीर तुमचे आहे. त्यातून काय काढले हे तुम्हाला ठाऊक असायला हवे.

पट्टी कोणी लावू नये

पुढीलपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. लपवू नका.

स्तनाचा किंवा पिशवीचा कर्करोग झालेला असणे.
का जाते हे न समजलेले रक्त अंगावरून जाणे.
पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असणे.
हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेला असणे.
यकृताचा मोठा आजार असणे.

अशा बायकांना बहुधा ही पट्टी देत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरे उपाय असतात. सिकलसेलचा आजार असेल तर तोही सांगा. आपल्या जिल्ह्यात तो आढळतो, आणि त्यात गुठळीचा धोका जास्त असतो. रक्तदाब, साखर आणि तंबाखूची सवय हेही सांगा.

आणखी एक गोष्ट. पाळी मागेपुढे होत आहे, पण बंद झाली नाही, अशा बाईला दिवस जाऊ शकतात. पट्टीने दिवस राहणे थांबत नाही. त्यासाठी वेगळा उपाय करावा लागतो.

पट्टी कशी लावावी

१. हात धुवा. पाकीट हाताने फाडा. कात्री लावू नका, पट्टी कापली जाईल.

२. जागा निवडा. बेंबीच्या खाली, ओटीपोटाच्या एका बाजूला लावा. किंवा कुल्ल्याच्या वरच्या भागावर लावा. स्तनावर कधीही लावू नका. लुगड्याची गाठ किंवा परकराची नाडी जेथे घासते, तेथे लावू नका.

३. जागा धुऊन कोरडी करा. तेल, पावडर, मलम लावू नका. जखम किंवा पुरळ असेल ती जागा सोडा. अंघोळ करून आला असाल तर अंग पुरते सुकू द्या.

४. चकाकणारा कागद सोलून काढा. चिकट बाजूला बोट लावू नका.

५. पट्टी ठेवा. तळहाताने दाबून धरा. सावकाश दहापर्यंत मोजा. कडा बोटाने दाबा.

६. पट्टी ठरल्या दिवशी बदला. काही पट्ट्या आठवड्यातून दोनदा बदलतात. काही एकदाच बदलतात. तुमची कोणती आहे ते दुकानदाराला विचारा आणि पाकिटावर मराठीत लिहून ठेवा.

७. नवी पट्टी नव्या जागी लावा. आज डावी बाजू, पुढच्या वेळी उजवी. एका जागेला निदान आठ दिवस विसावा द्या.

८. जुनी पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडा. तिच्यात औषध उरलेले असते. कागदात गुंडाळून लेकरांच्या आणि जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी टाका. अंगणात किंवा नालीत फेकू नका.

हे वाचत असता वर्गातल्या एका आजींनी विचारले, "माह्या गुडघ्यावर लावली तं चालन काय?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न चांगला होता. दुखण्याची पट्टी वेगळी असते, ती दुखते तेथे लावतात. ही पट्टी दुखते तेथे लावायची नसते. ती कोठूनही रक्तात जाते असे नाही, म्हणून सांगितलेल्या जागीच लावायची.

विसरलात तर

सोमवारी आणि गुरुवारी पट्टी बदलायची असेल, तर कॅलेंडरवर त्या वारांना पेन्सिलीने खूण करा. बदलली की खुणेवर काट मारा.

बदलायची विसरलात, तर आठवताच जुनी काढा आणि नवी लावा. पुढची पट्टी मात्र ठरलेल्या वारीच बदला. राहिलेली भरून काढायला दोन पट्ट्या एकदम लावू नका.

पट्टी निघाली, तर तीच पुन्हा दाबून पाहा. नाही चिकटली तर दुसऱ्या जागी नवी लावा. बदलायचा वार तोच ठेवा.

आपल्या वऱ्हाडात वैशाखात घामाच्या धारा लागतात. पट्टीच्या कडा सुटतात. तेव्हा संध्याकाळी अंग धुऊन, कोरडे करून, सावलीत बसून पट्टी लावावी. पट्टी लावलेल्या जागी गरम पाण्याची पिशवी किंवा शेक देऊ नका. उष्णतेने औषध भराभर अंगात जाते. उरलेल्या पट्ट्या टिनाच्या छपराखाली तापू देऊ नका. घरातल्या थंड, कोरड्या कोपऱ्यात, लेकरांच्या हाताला न लागतील अशा ठेवा.

पट्टीखाली थोडी लाली आली तर घाबरू नका. फोड आले किंवा आग होऊ लागली तर पट्टी काढा आणि डॉक्टरांना दाखवा. पहिल्या काही आठवड्यांत छाती जड वाटते, मळमळते. हे बहुधा कमी होते. कमी झाले नाही तर मात्रा बदलावी लागते. ती डॉक्टर बदलतात, आपण नाही.

आपल्याकडे ही पट्टी प्रत्येक दुकानात मिळेलच असे नाही. मिळाली नाही तर दुकानदार देईल ती दुसरी वस्तू घेऊ नका. डॉक्टरांकडे परत जा. कातडीला चोळायचे इस्ट्रोजेनचे जेलही असते. पण पिशवी असेल तर जोडीचे औषध जेललाही लागतेच.

केव्हा धावत जावे

एका पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली.
एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखले.
तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, बोलणे अडखळले.
एकाएकी नजर गेली किंवा कधी नव्हे इतके डोके दुखले.

असे काही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. सरकारी गाडी येते. तिला पैसे लागत नाहीत. पट्टी लावलेली आहे हे डॉक्टरांना सांगा.

स्तनात गाठ लागली, डोळे पिवळे झाले किंवा पाळी गेल्यावर रक्त गेले, तरीही लवकर दवाखान्यात जा. पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग दिसला तरी तो तपासून घ्यावा. पट्टी लावत असा किंवा नसा. "पाळी वापस आली" म्हणून आनंद मानू नका.

पट्टी सुरू केल्यावर सुमारे तीन महिन्यांनी डॉक्टरांना भेटा. पुढे वर्षातून एकदा भेटा. रक्तदाब पाहून घ्या. स्तन तपासून घ्या. औषध आणखी किती दिवस घ्यायचे ते विचारा.

मावशींची वही

मावशींना डॉक्टरीणबाईंनी आधी प्रोजेस्टेरॉन दिले. काही महिन्यांनी पुन्हा तपासले. अस्तर पूर्ववत झाले होते. मग त्यांना त्यांच्या नावाची चिठ्ठी मिळाली. तिच्यावर पट्टीही होती आणि जोडीची गोळीही होती.

त्या रात्री मावशी वर्गात आल्या. त्यांनी वही उघडली. पेन्सिल घट्ट धरून त्यांनी सावकाश लिहिले : "माझी पिशवी आहे. पट्टी सोमवारी आणि गुरुवारी. गोळी रोज रात्री." अक्षरे वेडीवाकडी होती. पण एकही चूक नव्हती.

शेजारी वयनी बसल्या होत्या. त्यांनी जुने ऑपरेशनचे कागद शोधून आणले होते. नर्सबाईंनी त्यांवर मराठीत लिहून दिले होते. वयनींनी बोट ठेवून वाचले : "पिशवी काढली. दोन्ही अंडाशय काढले." त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आठ साल झाले. आज मले समजलं."

लक्षात ठेवा

दुसरीची चिठ्ठी आपल्या कामाची नाही.
पिशवी असेल तर पट्टीच्या जोडीला दुसरे औषध हवेच.
पट्टी बेंबीखाली किंवा कुल्ल्यावर लावा. स्तनावर नाही.
ठरल्या वारी बदला. दोन एकदम लावू नका.
पाळी गेल्यावर रक्त गेले तर तपासून घ्या.

सांगा पाहू

१. वयनींना चाललेली पट्टी मावशींना का चालली नाही?
२. पिशवी काढणे आणि अंडाशय काढणे यांत फरक काय?
३. पट्टी बदलायची विसरलात तर काय कराल?
४. तुमच्या घरात कोणाचे ऑपरेशन झाले आहे का? कागद कोठे आहे? आज शोधा. उद्या वर्गात घेऊन या. आपण मिळून वाचू.